पाहुण्यास मान, शेजाऱ्यास काम

अतिथीस देव मानावे, असे आपल्या घरांतून लहानपणापासून शिकवले जाते. परंतु देव होण्यात एक गैरसोय आहे. देवाला कोणी काम सांगत नाही. पाटावर बसवावे, नैवेद्य दाखवावा, एवढेच. परक्या गावी आपण पाहुणेच राहिलो की गावकरी झालो हे ओळखावयाचे कसे, ह्याचे उत्तर मला इटलीतील मोंतोने गावी मिळाले.

उंब्रिया प्रांतात, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यातील एका टेकडीवर, जुन्या तटाच्या आत हे गाव वसले आहे. वस्ती दोन हजारांच्या आतली. माझे थोरले चिरंजीव नोकरीनिमित्त तेथे बिऱ्हाड करून आहेत. पत्नीच्या निधनानंतर 'आबा, आता इकडेच या' असा त्यांचा आग्रह चालला होता. सदुसष्टाव्या वर्षी परक्या मातीत मूळ धरते काय, हे पाहावे म्हणून मी तीन महिन्यांच्या बोलीने गेलो.

पहिला पंधरवडा मी देवच होतो. कॉफीवाला पैसे घेईना. बाकावरील वृद्ध मंडळी मला पाहताच उठून जागा देत. मी शाळामास्तर असे कळल्यावर सारे 'माएस्त्रो' म्हणू लागले. दुकानात शिरताच प्रथम 'बोंजोर्नो' म्हणावे, मग जिन्नस मागावा, ही तेथील रीत मी लवकर उचलली. आकडे तर शिकावे लागलेच नाहीत. सप्त, अष्ट, नव आणि त्यांचे सेत्ते, ओत्तो, नोवे. छत्तीस वर्षे संस्कृत शिकवलेल्या माणसास ही भावंडे ओळखण्यास कितीसा वेळ लागणार? सोळाव्या शतकात हिंदुस्थानात राहिलेल्या फिलिप्पो सास्सेत्ती ह्या फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्याने हे साम्य आपल्या पत्रांत नोंदून ठेवले होते. तो १५८८ साली गोव्यातच वारला. तथापि शब्दांचे नाते जुळले म्हणून माणसांचे जुळतेच असे नाही.

ते जुळले एका किल्लीने. शेजारच्या आजीबाई एके सकाळी दारात उभ्या राहिल्या, माझ्या हाती घराची किल्ली आणि पाण्याची झारी दिली, आणि बोट हलवीत बजावले की चार दिवस मी लेकीकडे जाते. पायऱ्यांवरील कुंड्यांस ऊन उतरल्यावर पाणी घाल, तेही मुळाशीच. त्यांच्या तोंडी आदरार्थी 'लेई' जाऊन सलगीचा 'तू' आला होता; त्यांचा 'तू' आपल्यासारखाच उच्चारतात. कुंड्यांत बासिलिको होती, म्हणजे आपल्या तुळशीची चुलत बहीणच. वृंदावनास पाणी घालण्याची सवय असलेल्या हातांना ते काम परके कसे वाटावे?

चार दिवसांनी बाई परतल्या, कुंड्या न्याहाळल्या, आणि पुढल्या गुरुवारी पुन्हा जावयाचे आहे एवढेच म्हणाल्या. आभार मानले नाहीत. मला फार बरे वाटले. घरच्या माणसाचे आभार कोण मानतो? त्या संध्याकाळी तव्यासारख्या तापल्या थाळीवर भाजलेली त्यांच्याकडची जाड भाकरी, 'तोर्ता अल तेस्तो', आमच्याकडे आली.

ह्याच खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे वयाच्या बाविसाव्या वर्षी लढता लढता पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मोंतोने येथे २०२३ साली त्यांचे स्मारक झाले, ते सूर्यघटिकेच्या रूपात. मला वाटले, ह्या परदेशी पोरासही गावाने नुसता मान दिला नाही. वेळ सांगण्याचे काम दिले.

पुण्यास परतल्यावर एक गोष्ट अधिकच जाणवली. घरी मुलगा-सून अत्यंत प्रेमळ. परंतु 'आबा, तुम्ही नुसते बसा' हे वाक्य मी दिवसातून चार वेळा ऐकतो. त्यात प्रेमच आहे, शंका नाही. पण मोंतोनेस मी गावकरी झालो आणि स्वतःच्या घरात पाहुणा, हा उलटा न्याय मला सोसवेना. सूनबाईंना तसे सांगितले. आता नातवाचा अभ्यास, वाणसामान आणि वीजबिल माझ्याकडे आहे, आणि चूक झाली तर त्या मला बोलतातही.

आपल्या घरातील वृद्धांस मान द्यावाच, वाचकहो. पण त्याबरोबर एखादी किल्लीही द्यावी. थोरल्यासही मी कळवले आहे: येईन, परंतु बसावयास नव्हे, कुंड्यांना पाणी घालावयास.