शत्रू आपल्या रंगात येतो तेव्हा

१ मे १९८३ रोजी इटलीतील इमोला येथे घडलेला एक प्रसंग मोटार-शर्यतींचे रसिक अजूनही एकमेकांना सांगत असतात. शर्यत संपायला थोड्याच फेऱ्या उरल्या होत्या. ब्रॅबम संघाच्या गाडीत रिकार्दो पात्रेसे हा इटालियन ड्रायव्हर होता आणि त्याने नुकतेच फेरारीच्या पॅट्रिक तांबेला मागे टाकून पहिले स्थान मिळवले होते. (तांबे हे आडनाव उच्चाराने थेट आपल्याकडचे वाटते, माणूस फ्रेंच.) इटलीच्या भूमीवर, इटालियन प्रेक्षकांसमोर, इटालियन माणूस जिंकणार असे चित्र होते. इतक्यात पात्रेसेची गाडी वळणावर मार्गाबाहेर जाऊन कडेला आदळली, आणि त्या हजारोंच्या जमावाने एकच जल्लोष केला. पात्रेसे गाडीतून बाहेर पडला तो आपल्याच देशबांधवांचा आनंद कानांवर घेत.

या प्रसंगाला एक पूर्वपीठिका आहे. तांबेच्या गाडीवर २७ हा आकडा होता. तो झिल व्हिलनव्हचा आकडा. आदल्या वर्षी याच इमोलात व्हिलनव्हला त्याच्याच संघातील दिदिए पिरोनीने शेवटच्या फेरीत मागे टाकले. ही फसवणूक आहे असे व्हिलनव्हने मानले, आणि त्यानंतर दोनच आठवड्यांत, ८ मे १९८२ रोजी, बेल्जियममधील झोल्डर येथे तो अपघातात गेला. इमोलाच्या लोकांचे सुतक जणू वर्षभर फिटले नव्हते, आणि ते फेडण्याची संधी एका फ्रेंच माणसाने आणली होती. फेरारीच्या चाहत्यांना इटलीत 'तिफोसी' म्हणतात, आणि त्या शब्दाच्या मुळाशी एका तापाचे नाव आहे. तापाने फणफणलेल्या माणसाला नागरिकत्व विचारण्यात अर्थ नसतो.

याच लोकांचे दुसरे रूप १९८९ मध्ये माँझाला दिसले. अलँ प्रोस्त तेव्हा मॅकलारेनमध्ये होता, म्हणजे उघड शत्रुपक्षात. आयर्टन सेनाची गाडी बंद पडल्यामुळे प्रोस्त जिंकला. पण पुढच्या वर्षी तो फेरारीत येणार, हे तोवर जाहीर झाले होते. खाली उसळलेल्या गर्दीने चषकाचा धोशा लावला आणि प्रोस्तने पोडियमवरून तो चषक सरळ त्यांच्या हाती सोडून दिला. चषक संघाच्या मालकीचा असे. मॅकलारेनचे प्रमुख रॉन डेनिस तिथेच भडकले. मला या दृश्यात गंमत वाटते ती अशी, की अंगावर अजून शत्रूचाच पोशाख असलेल्या माणसाला जमावाने आधीच पावन करून घेतले होते. पुढे १९९१ चा हंगाम संपण्यापूर्वीच फेरारीने त्याला काढून टाकले, कारण त्याने गाडीला ट्रकची उपमा दिली. उपमेमुळे नोकरी गेल्याचे उदाहरण साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

माझी स्वतःची निष्ठा मात्र आरंभापासून माणसाशी जडलेली. वसतिगृहातल्या केबलवर आम्ही फॉर्म्युला वन पाहू लागलो तेव्हा मिका हॅकिनेन मॅकलारेनच्या रुपेरी गाडीत होता. २७ ऑगस्ट २००० रोजी बेल्जियममधील स्पा येथे मायकेल शूमाकर आणि तो, दोघेही रिकार्दो झोंता या मागे पडलेल्या ड्रायव्हरच्या गाडीजवळ एकाच वेळी पोहोचले. शूमाकर एका बाजूने गेला, हॅकिनेन दुसऱ्या बाजूने, आणि वळण येईतो हॅकिनेन पुढे होता. ते पाहिल्यानंतर मला पक्ष निवडावा लागला नाही. २००१ अखेर तो थांबला, त्याच्या जागी त्याच्याच देशाचा किमी रायकोनेन आला, आणि मी ती गादी चालू ठेवली. २००३ मध्ये रायकोनेन विजेतेपदाला अवघ्या दोन गुणांनी मुकला.

त्याच वर्षी मी एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवू लागलो. तिथे पदार्थविज्ञानाचे एक सर होते, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे आणि पक्के फेरारीवाले. शर्यत असेल त्या रविवारी मी त्यांच्या घरी जात असे. वहिनींच्या मते आम्ही दोघे सुशिक्षित माणसे दोन तास माशांची भणभण ऐकत बसत होतो. सरांचा सिद्धान्त स्पष्ट होता : गायक येतात आणि जातात, घराणे राहते. मी त्यांना बालगंधर्वांचा दाखला देत असे. १९१३ मध्ये ते किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व मंडळी काढली, आणि मराठी प्रेक्षकाचा मोठा भाग संस्थेबरोबर न राहता गळ्याबरोबर गेला. सर म्हणत, "अहो मराठी, गळ्याला इंजिन लागत नाही." हा मुद्दा बिनतोड होता. शर्यतीच्या गाडीमागे शेकडो माणसांचे श्रम असतात, आणि उत्तम ड्रायव्हर वाईट गाडीत बसला तर तो फक्त उत्तम प्रकारे हरू शकतो. २००२ च्या ऑस्ट्रियाच्या शर्यतीबद्दल मात्र सर बोलायचे टाळत. पुढे असलेल्या रुबेन्स बारिकेलोला फेरारीने अंतिम रेषेजवळ शूमाकरसाठी बाजूला व्हायला लावले होते, आणि प्रेक्षकांनी विजेत्याची हुर्यो उडवली होती. घराण्यानेच आपल्या गायकाला मैफलीतून उठवण्याचा तो प्रकार.

२००७ मध्ये रायकोनेन फेरारीत गेला आणि माझ्यासमोर प्रश्न उभा राहिला. मॅकलारेनची रुपेरी गाडी तर डोळ्यांत बसलेली, आणि आपला माणूस लाल कपड्यांत. महिना-दोन महिने मी दोन्ही बाजूंनी हरत होतो. मग २१ ऑक्टोबरची रात्र आली. ब्राझीलमधील शेवटची शर्यत. आपल्याकडे रात्री साडेनऊला सुरू झालेली. लुईस हॅमिल्टन सात गुणांनी पुढे होता, पण त्याची गाडी मध्येच मंदावली आणि तो सातवा आला. रायकोनेन शर्यत जिंकला : ११० गुण, आणि हॅमिल्टन व अलोन्सो यांचे प्रत्येकी १०९. सर आणि मी एकाच क्षणी ओरडलो. चार वर्षांत पहिल्यांदाच आमचा आनंद एक होता, आणि दोघांचीही कारणे जागच्या जागी होती. त्यांचे घराणे जिंकले, माझा गायक जिंकला.

दोन वर्षांनी फेरारीने रायकोनेनचा करार एक वर्ष शिल्लक असतानाच संपवला. अलोन्सोसाठी जागा हवी होती. मी तोवर सात वर्षे तासिका तत्त्वावर होतो. मानधन तासांवर, आणि तेही सहा-सहा महिन्यांनी. २०१० मध्ये गावातल्याच दुसऱ्या संस्थेच्या महाविद्यालयात पूर्ण वेतनाची जागा निघाली, मुलाखत झाली, मी रुजू झालो. दोन संस्थांमधून विस्तव जात नसे. त्याची कारणे दोन घराण्यांच्या राजकारणात होती. आम्हा शिकवणाऱ्यांशी त्यांचा संबंध नव्हता. तरी जुन्या कर्मचारी-कक्षातले लोक बाजारात समोरून आले की दुकानांच्या पाट्या वाचू लागत. 'खाल्ल्या मिठाला जागला नाही' हे वाक्य माझ्यापर्यंत तीन वेगवेगळ्या तोंडांनी आले. मीठ सहा महिन्यांनी मिळत होते, हे कुणाच्या स्मरणात नव्हते. सर काही बोलले नाहीत. फक्त रविवारी सकाळी येणारा त्यांचा फोन येईनासा झाला.

नव्या ठिकाणी पहिल्याच आठवड्यात शाल, श्रीफळ आणि 'आपल्या परिवारात' हे शब्द मिळाले. महिनाभरात लोक माझ्याकडून जुन्या संस्थेच्या निंदेची अपेक्षा करू लागले. मी तीच व्यक्ती होतो, तोच तुकाराम शिकवत होतो. एकाच दरवाजाच्या एका अंगाला गद्दार आणि दुसऱ्या अंगाला सोयरा. निष्ठेबद्दल बोलणारे लोक सहसा या दरवाजाच्या एकाच बाजूला उभे राहून बोलतात, असे तेव्हापासून माझे मत आहे. आपल्याकडे आलेल्याला कुणी पक्षांतर केले असे म्हणत नाही. त्याला उशिरा का होईना, शहाणपण सुचलेले असते.

हे सारे एकाच माणसावर, एकाच जागी पाहायचे असेल तर सेबॅस्टियन व्हेटेलला माँझावर पाहावे. २००८ मध्ये तो तोरो रोस्सो या छोट्या इटालियन संघाच्या गाडीत, फेरारीच्याच इंजिनावर, भर पावसात तिथे जिंकला. एकवीस वर्षांचा पोरगा; लोकांनी डोक्यावर घेतला. मग तो रेड बुलमध्ये गेला आणि जिंकतच राहिला. २०१३ च्या मार्चमध्ये मलेशियात त्याने संघाचा आदेश धुडकावून मार्क वेबरला मागे टाकले आणि पहिला आला. त्या वर्षी सिल्व्हरस्टोनला त्याची गाडी बंद पडली तेव्हा टाळ्या पडल्या, आणि माँझाला तो जिंकला तेव्हा पोडियमखालून हुर्यो उठली. २०१५ मध्ये तो फेरारीत आला, माँझाला दुसरा आला, आणि त्याच पोडियमखाली लोक त्याच्या नावाचा गजर करत होते. तीन वेळा तोच माणूस, तोच मंच आणि तीन वेगळे आवाज. मलेशियातली आज्ञाभंगाची गोष्ट कुणी विसरले नव्हते. ती आता आपल्या बाजूच्या माणसाची जिद्द झाली होती.

हुर्यो उडाली त्याच वर्षी, ऑक्टोबर २०१३ मध्ये, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर व्हेटेलने सलग चौथे विजेतेपद निश्चित केले. नियम मोडून त्याने प्रेक्षकांसमोर गाडी गोल-गोल फिरवली, खाली उतरून गाडीला वाकून नमस्कार केला आणि हातमोजे गर्दीत फेकले. दंड झाला, पण आपल्या प्रेक्षकांनी त्याला मनापासून दाद दिली. त्यांचे घरचे घोडे त्या शर्यतीत जिंकण्याजोगे नव्हते, म्हणून त्यांना कौशल्य निवांतपणे पाहता आले. फोर्स इंडिया होती, पण तिची गोष्ट निराळी. तिला पहिले गुण जियानकार्लो फिसिकेलाने ३० ऑगस्ट २००९ रोजी स्पाला दुसरे स्थान घेऊन मिळवून दिले, आणि पुढच्या शर्यतीत तो फेरारीच्या गाडीत होता! माझ्या ओळखीच्या कुणीही त्याला दोष दिला नाही. इटालियन ड्रायव्हरला फेरारीचे बोलावणे म्हणजे वारकऱ्याला पंढरीचे. मोसमाच्या उरलेल्या पाच शर्यतींत त्याला एकही गुण मिळाला नाही, हा भाग वेगळा.

शिवाय संघ म्हणजे तरी काय? ज्याला आपण फोर्स इंडिया म्हणत होतो तो सिल्व्हरस्टोनचा कारखाना आधी जॉर्डन होता, मग मिडलँड, मग स्पायकर. २०१८ नंतर रेसिंग पॉइंट आणि २०२१ पासून ॲस्टन मार्टिन. मालक बदलले, रंग बदलले, पाट्या बदलल्या. संघाने इतकी नावे बदलली तरी त्याला कुणी गद्दार म्हणत नाही. ड्रायव्हरने एकदा कपडे बदलले की म्हणतात. माणसाला कारकीर्द एकच असते आणि ती पंधरा-वीस वर्षांत संपते, एवढा साधा हिशेब जमावाच्या निष्ठेत धरलेला नसतो.

१ फेब्रुवारी २०२४ रोजी हॅमिल्टन पुढच्या वर्षीपासून फेरारीत येणार असे जाहीर झाले. याच हॅमिल्टनची २०१८ मध्ये माँझाला जिंकल्यावर यथेच्छ हुर्यो उडाली होती. जाणार होता तो कार्लोस साइन्झ. त्याला हंगामाची पहिली शर्यत सुरू होण्यापूर्वीच कळले की ही गाडी वर्षभरापुरती आपली. मार्चमध्ये त्याचे अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले, आणि दोन आठवड्यांनी तो मेलबर्नची शर्यत फेरारीसाठीच जिंकला. निष्ठा हा शब्द वापरायचा असेल तर मी तो इथे वापरीन.

हॅमिल्टनची बातमी आली त्या सकाळी सरांचा फोन आला. मधल्या चौदा वर्षांत आम्ही लग्नकार्यांत भेटत होतो, हवापाण्याचे बोलत होतो. शर्यतींविषयी मात्र नाही. ते पंधरा मिनिटे हॅमिल्टनविषयी बोलले : वय झाले आहे, पण हात अजून आहे, आपल्याकडे आला ते बरेच झाले. 'आपल्याकडे' हा शब्द त्यांनी इतक्या सहज उच्चारला की मला हसू आले. जुन्या गोष्टीचा उल्लेख त्यांनी केला नाही, मीही केला नाही.

त्यानंतर फोन अधूनमधून येऊ लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये बाकूच्या शर्यतीत फेरारीच्या गाड्या आठव्या आणि नवव्या आल्या. मला वाटले, आज काही सर बोलायचे नाहीत. शर्यत संपून दहा मिनिटे झाली नाहीत तोच फोन वाजला.

"अहो मराठी, आपला साइन्झ तिसरा आला, बघितलंत का?"

साइन्झ तेव्हा विल्यम्सच्या निळ्या गाडीत होता. मी हो म्हटले. मग त्यांनी पुढच्या शर्यतीची चौकशी केली, ती सिंगापूरला आहे हे त्यांना ठाऊक असूनही, आणि ती आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला सुरू होते, हे दोनदा सांगितले.