पाण्याचं सोंग

सगळी सोंगं आणता येतात, पण पैशाचं सोंग आणता येत नाही, असं म्हणतात. नाटकांची प्रकाशयोजना करू लागल्यापासून मला वाटतं, पाण्याचं सोंगही तसंच अवघड. राजाला मुकुट चालतो, वाघाला कातडं. पण ज्याला रंग नाही, आकार नाही, त्याला नटवायचं कसं?

त्याची जुनी युक्ती अगदी घरगुती आहे. परातीत पाणी घ्यावं, तळाशी आरशाचे तुकडे ठेवावेत आणि तिरपा दिवा सोडावा. पाण्याला बोट लावलं की भिंतीवर लहरी नाचू लागतात! लाटेचा उंचवटा भिंगासारखा उजेड गोळा करतो, खोलगट भाग तो विखुरतो; म्हणून ती सोनेरी जाळी दिसते. उथळ नदीच्या वाळूवर तुम्ही ती पाहिली असेलच. आता परात गेली. दिव्यापुढे खडबडीत काचेच्या दोन चकत्या उलटसुलट फिरतात. सभागृहात विरळ धूर सोडून लेझरचा सपाट पडदा डोक्यावर धरला, तर प्रेक्षकांना आपण तळ्याच्या तळाशी बसल्याचा भास होतो. नवशिक्याला मात्र दोन मोह आवरत नाहीत : निळा रंग आणि घाई. मोठं पाणी कधी घाईत नसतं.

या कलेतले आमचे गुरू म्हणजे कलकत्त्याचे तापस सेन. १९५९ साली मिनर्व्हा थिएटरात उत्पल दत्तांचं ‘अंगार’ आलं. अखेरीस कोळशाच्या खाणीत पाणी शिरतं आणि आत अडकलेले मजूर बुडतात. रंगमंचावर पाण्याचा थेंब नव्हता. होता तो केवळ उजेड, अंधार आणि रविशंकरांचं संगीत. पाणी प्रेक्षकांनी आपापल्या मनातून आणलं.

हे मला पुस्तकी ज्ञानासारखं ठाऊक होतं. त्याचा अर्थ सांगितला तो माझ्या आत्याने. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि पुण्यात नदीकाठच्या पेठेत राहत होती. त्या पुरावर आम्हा हौशी मंडळींनी एक नाटुकलं बसवलं. तालमीला मी तिला मुद्दाम घेऊन गेलो. लहरी मोठ्या झोकात खेळत होत्या. तिने चष्मा पुसला आणि म्हणाली,

“छान आहे रे. पण हे पोहायचं पाणी झालं.”

“मग पुराचं कसं असतं?”

“गढूळ. आणि चढताना ते दिसत नाही. आम्ही माडीवरून जिन्याकडे बघत होतो. नऊ पायऱ्या होत्या, मग आठ झाल्या, मग सात. पाणी नाही दिसलं बाबा, पायऱ्या नाहीशा झाल्या.”

त्या रात्री मी लहरी काढून टाकल्या. जिन्याच्या प्रत्येक पायरीला बाजूने एकेक मातकट दिवा दिला आणि प्रयोगात खालून वर, सावकाश, एकेक विझवत गेलो. चौथीला पहिल्या रांगेतल्या बायकांनी पाय वर घेतले. सातवीला खोकणंसुद्धा थांबलं. नववी विझली आणि पडदा पडला.

लोक कौतुक करीत होते. आत्या मात्र खुर्चीतच बसून होती. मी जवळ गेलो, तेव्हा तिने माझा हात धरला.

“एक जास्त विझवलीस. वरची राहिली होती. तिच्यावर उभं राहून आईने आम्हांला मोजलं.”

दुसऱ्या प्रयोगापासून वरच्या पायरीचा दिवा मी तेवता ठेवतो.