वीतभर शिसं

वीस फुटी कंटेनरमध्ये 25 टन शिशाच्या लगडी सारख्या पसरल्या, तर थर होतो जेमतेम 16 सेंटिमीटरचा. वीतभरही नाही. वर सगळा कंटेनर रिकामा. न्हावा शेवाला माल भरून घेताना ही पोकळी मी कित्येकांना दाखवली आहे, कारण एवढी जागा दिसली की लगडींचे गठ्ठे मधोमध रचून मोकळं व्हायचा मोह होतो. एका कारखान्यातून असाच भरून आलेला कंटेनर उघडला, तेव्हा तळ मधोमध खचलेला होता. काट्यावरचं वजन मर्यादेत होतं. ते एकवटलं होतं हातभर जागेवर. म्हणून मी गठ्ठ्यांखाली लांबीच्या दिशेने जाड लाकडी वासे घालायला लावतो, म्हणजे भार तळाच्या जास्तीत जास्त पोलादी आडव्यांवर वाटला जातो. त्या वाशांवरही शिक्का लागतो: लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवल्याचा, नाहीतर आपल्याकडची कीड परमुलखात उतरते.

‘शिसं म्हणजे धोकादायक मालच ना?’ असं लोक विचारतात. मी आधी विचारतो, कुठल्या रूपात? साध्या लगडीला सहसा धोक्याचं लेबल लागत नाही. त्याच शिशाचं नायट्रेट झालं की यूएन क्रमांक 1469: आगीला जोर देणारं, शिवाय विषारी. आम्लाने भरलेल्या बॅटरीत ते आलं की 2794, वर्ग 8. तिथं आधी आम्ल सांभाळायचं, आणि बॅटरीची टोकं झाकायची, नाहीतर ठिणगी पडते. नुसतं ‘लेड’ लिहिलेलं कागदपत्र मी परत पाठवतो.

पारा भल्याभल्यांना चकवतो. क्रमांक 2809. सगळे विषाचं लेबल शोधतात, पण मुख्य वर्ग निघतो 8, म्हणजे क्षरणकारक, विष दुय्यम. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा असतो, तोच त्या धातूला राखतो. पारा तो मोडून आत शिरतो आणि धातू पोखरत जातो. विमानाच्या सांगाड्यात ॲल्युमिनियम किती असतं हे आठवलं की हा वर्ग लगेच पटतो. लोखंडात मात्र पारा मुरत नाही, म्हणून तो पोलादी फ्लास्कमध्ये भरतात. 2017 मध्ये मिनामाता करार लागू झाल्यापासून घेणाऱ्या देशाची लेखी संमती असल्याशिवाय पारा पाठवता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

एका फ्लास्कमध्ये जेमतेम अडीच लिटर पारा मावतो, वजन 34.5 किलो. दिसायला दुधाच्या किटलीएवढा. माथाडी कामगार सवयीने एका हाताने उचलायला जातो, आणि कंबर धरते. नियमाची लेबलं इंग्रजीत असतात. त्यांच्या शेजारी मी खोक्याच्या दोन्ही बाजूंना मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत रंगवून घेतो: ‘लहान दिसतं, जड आहे. दोघांनी उचला.’