ताम्हनात मावणारे देव

आमच्या घरच्या अन्नपूर्णेला आता नाक उरलेले नाही. डोळ्यांच्या जागी दोन उथळ खळगे आहेत, हातातली पळी झिजून जाड काडीएवढी झाली आहे आणि मुकुटावरची नक्षी तर बोटाला लागतसुद्धा नाही. तरी ही कोण, असा प्रश्न घरातल्या लहान मुलालाही पडत नाही. तिची बैठक, आडवी धरलेली पळी, मानेचा किंचित बाक, एवढ्यावरून ती ओळखू येते. आजेसासूबाईंच्या लग्नात ती त्यांच्या माहेराहून या घरी आली. तेव्हापासून रोज सकाळी कुणी ना कुणी तिला ताम्हनात घेतले, पळीपळीने पाणी घातले, अंगठ्याने तिचा चेहरा चोळला आणि मऊ फडक्याने तिचे अंग टिपले. नाक गेले ते या अंगठ्यांखाली. घरातला देव कसा असावा याविषयी माझे जे काही म्हणणे आहे, ते तिला रोज हाताळता हाताळता तयार झाले आहे.

म्हणणे साधे आहे. घरातला देव हातात मावावा, त्याला रोजचे पाणी सोसावे आणि वापराने तो झिजावा.

मत्स्यपुराणाने घरातल्या मूर्तीचे माप सांगून ठेवले आहे. अंगठ्याच्या पेरापासून एका वितीपर्यंत. त्याहून मोठी मूर्ती घरात नको. देवळातली मूर्ती अचल असते. तिची एकदा प्रतिष्ठा झाली की ती जागची हलत नाही, आपण तिच्यापाशी जायचे. घरातली मूर्ती चल. तिला उचलायचे, न्हाऊ घालायचे, पुसायचे, गंध लावायचे आणि पुन्हा तिच्या जागी बसवायचे. षोडशोपचार म्हणजे तरी काय? या म्हणायचे, बसायला आसन द्यायचे, पाय धुवायला पाणी द्यायचे, आंघोळ, वस्त्र, गंध, फूल, जेवण, विडा. दारी आलेल्या माणसाचे करावे तेच सगळे. पुरुषसूक्ताच्या 16 ऋचा या 16 उपचारांना जोडल्या आहेत, पण मंत्र येत नसले तरी हात हे सगळे बरोबर करतात. हे करायचे तर मूर्ती दोन बोटांत धरता आली पाहिजे. दोन हातांनी कष्टाने उचलावी लागणारी मूर्ती आठवड्याभरात नुसत्या उदबत्तीवर येते.

ज्यांच्या घरी पंचायतन आहे त्यांच्याकडे चेहऱ्याचा प्रश्नच येत नाही. नर्मदेतला बाण हा शंकर, गंडकीतला शाळिग्राम हा विष्णू, शोण नदीतला तांबूस दगड गणपती, सुवर्णमुखीतला दगड देवी आणि स्फटिक हा सूर्य. पाचांपैकी एकालाही हातपाय नाहीत, नाकडोळे नाहीत. शाळिग्राम हा तर मुळात समुद्रात जगलेल्या जीवाचा अश्म, हिमालय उचलला गेला तेव्हा त्याच्याबरोबर वर आलेला. या दगडांना पाण्याने अशी वळणे दिली आहेत की हातात घेतले की ते तळव्यात आपोआप बसतात. नदीने बाणावर जे काम केले, तेच आमच्या घरातल्या बायकांनी अन्नपूर्णेवर केले आहे, असे मला नेहमी वाटते.

अन्नपूर्णेचे येणे तसे पाहिले तर लग्नातल्या एका कोपऱ्यात होते. मांडवात सगळी गडबड चालू असते आणि आत नवरी पिवळी साडी नेसून गौरीहरापुढे बसलेली असते. समोर तांदळाच्या राशीवर ही एवढीशी पितळेची किंवा चांदीची बाई. नवरीने तिच्यावर चिमूटचिमूट तांदूळ वाहत राहायचे. पुढे तीच मूर्ती तिच्याबरोबर सासरी जाते, कित्येकदा जोडीला बाळकृष्णही. रांगता, एक गुडघा टेकलेला, उजव्या हातात लोण्याचा गोळा. म्हणून जुन्या घरांच्या देव्हाऱ्यात दोन-तीन अन्नपूर्णा शेजारी शेजारी बसलेल्या दिसतात. एक सासूची, एक आजेसासूची, एक त्याआधीच्या कुणाची तरी. त्या बायकांची नावे लग्नात बदलली. वंशावळीच्या कागदावर त्यांचे माहेर कुणी लिहिले नाही. देव्हाऱ्यात मात्र प्रत्येकीच्या माहेरची एक वस्तू आहे आणि घरातली माणसे रोज तिच्यापुढे हात जोडतात. कुलदैवताचे टाक बापाकडून मुलाकडे जातात, अन्नपूर्णा आईकडून लेकीकडे येते. देव्हाऱ्याच्या दोन हात लांबीच्या फळीवर घराच्या दोन्ही बाजू बसलेल्या असतात.

या मूर्तींना वर्षभर काम असते. चैत्रात गौर म्हणून अन्नपूर्णा झोपाळ्यावर बसते. पुढे आंब्याची डाळ आणि पन्हे. श्रावणात तीच मंगळागौर होऊन पत्रींच्या ढिगात जवळजवळ दिसेनाशी होते. गोकुळाष्टमीला बाळकृष्ण पाळण्यात. घटस्थापनेला टाक विड्याच्या पानांवर बसतात आणि मग नवमीपर्यंत त्यांना कुणी हलवायचे नाही. आमच्याकडे त्याला देव बसले म्हणतात. खंडोबा ज्यांचा कुलस्वामी, त्यांच्याकडे मार्गशीर्षात चंपाषष्ठीपर्यंत पुन्हा सहा दिवस देव बसतात.

आणि बोडण. कोकणस्थांच्या घरी लग्नानंतर, बाळ झाल्यावर किंवा काही मंगल घडल्यावर ते भरतात. परातीत अन्नपूर्णा ठेवायची. तिच्याभोवती पुरणाचा नैवेद्य, मग दूध, दही, तूप, मध, साखर. सवाष्णी आणि एक कुमारिका परातीला वेढून बसतात आणि सगळ्या मिळून ते हाताने कालवतात. मधून मधून कुमारिकेला विचारायचे, काय कमी आहे? ती दूध म्हणाली की दूध, तूप म्हणाली की तूप, तिचा शब्द शेवटचा. कालवता कालवता मूर्ती त्या काल्यात पूर्ण बुडते. वरून काहीच दिसत नाही. पण बोटांना ती लागत असते, कधी तिचा मुकुट, कधी पाटाची कड, आणि मग लगेच दुसरीच्या बोटांत जाते. शेवटी तिला बाहेर काढून कोमट पाण्याने धुतात आणि काला गाईला घालतात. पाच बायकांच्या हातांत देवी अशी फिरते, इतक्या मोकळेपणाने देवाला हात लावायची मुभा मी आणखी कुठल्या पूजेत पाहिलेली नाही. ज्या मूर्तीला सोनेरी रंगाचा हात मारला आहे आणि खडे चिकटवले आहेत, तिचे बोडण भरून पाहा म्हणजे माझे म्हणणे कळेल.

टाकांची गोष्ट वेगळी आहे. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेला देव, दोन-तीन बोटे रुंद. सोनाराकडे त्याचे ठसे असतात. घोड्यावर बसलेला खंडोबा आणि त्याच्याबरोबर म्हाळसा, महिषासुराला मारणारी भवानी, ज्योतिबा, भैरोबा, बिरोबा. पातळ पत्रा ठशावर धरून हलक्या हाताने ठोकत नेतात आणि हळूहळू पत्र्याच्या पोटातून घोड्याची मान वर येते, मग तलवारीचा हात, मग म्हाळसेचा पदर. एकदम जोर लावला तर पत्रा फाटतो. रूप पुरते उमटले की कडा कापायची. पुष्कळ टाकांना मागून तांब्याचा पत्रा बसवलेला असतो. कोल्हापूरच्या गुजरीत, नाशिकच्या सराफ बाजारात हे काम करणारे हात अजून आहेत. टाकात देवांच्या बरोबरीने घरची माणसेही असतात. लढाईत पडलेला, अवेळी गेलेला पूर्वज वीर म्हणून टाकात बसतो आणि खंडोबाच्या शेजारी त्यालाही गंधफूल मिळते. नाशिकमध्ये धुळवडीला हे वीर घराबाहेर निघतात. घरोघरचे लोक आपापल्या वीराचा टाक घेऊन वाजतगाजत गोदावरीवर येतात, त्याला नदीत आंघोळ घालतात आणि परत नेऊन देव्हाऱ्यात ठेवतात. जेजुरीलाही माणसे घरचे टाक फडक्यात बांधून नेतात, मोठ्या देवाशी त्यांची भेट घडवतात, भंडाऱ्याने पिवळे करतात आणि कऱ्हेच्या पाण्यात धुतात. सोमवती अमावास्येला खुद्द खंडोबाची पालखीही त्याच कऱ्हेवर आंघोळीला जाते.

लहान देव माणसाबरोबर चालतो. प्रतापगडावर भवानीच्या मंदिरात स्फटिकाचे शिवलिंग दाखवतात. ते शिवाजी महाराजांच्या नित्यपूजेतले, अशी परंपरा आहे. ज्यांचे अर्धे आयुष्य घोड्यावर गेले, त्यांच्या पूजेत स्फटिकच असणार, हे मनाला पटते. गोव्यात पोर्तुगीजांनी 16व्या शतकात देवळे पाडली आणि घरात मूर्ती बाळगणेही गुन्हा ठरवले. मंगेशाचे लिंग 1560 साली कुशस्थळीहून नदीपलीकडे प्रियोळला गेले ते त्याच काळात. देऊळ उचलून नेता येत नाही, लिंग नेता येते. आजही सातासमुद्रापार निघालेल्या मुलीच्या सामानात आई अन्नपूर्णा देते. ती बॅगेत जात नाही. बॅग हरवेल या धास्तीने ती पर्समध्ये, रुमालात गुंडाळून जाते.

तुळशीबागेत किंवा कुठल्याही गावच्या भांडी बाजारात आज मूर्तींची दुकाने पाहिली तर डोळे दिपतात. पॉलिरेझिनचे हातभर उंच राधाकृष्ण, बासरी वाजवणारे गणपती, ‘अँटिक फिनिश’ दिलेल्या लक्ष्म्या, पाठीमागे विजेच्या दिव्यांचे वलय असलेले बुद्ध. सुंदर आहेत. दिवाणखान्यात, कोनाड्यात, प्रवेशदारापाशी ठेवाव्यात, रोज येताजाता पाहून प्रसन्न वाटेल. पण त्या देव्हाऱ्यात आल्या की पूजेची सगळी दिशाच फिरते. पाणी घातले की रंगाचे पापुद्रे सुटतात, म्हणून आंघोळ बंद. गंधाचा डाग पडतो, म्हणून गंध बंद. तुपाचा हात लागला की धूळ चिकटते, म्हणून हात लावणे बंद. उरते ते पिसांच्या झटकणीने धूळ झाडणे. दर दिवाळीला त्या तितक्याच नव्या दिसतात आणि त्यांच्यावर घरातल्या कुणाचीच खूण उमटलेली नसते. मला हे नुकसान वाटते, आणि ते स्पष्ट बोलले पाहिजे, कारण लग्नात आहेर म्हणून याच मूर्ती आता सर्रास दिल्या जातात आणि घेणाऱ्याच्या पदरी त्यांना देव्हाऱ्यात बसवण्याचा संकोच येतो.

धातूची मूर्ती मात्र मुळापासून या कामासाठी घडत आली आहे. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने 12व्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला, त्यात ओतीव मूर्तीची रीत दिली आहे. आधी मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर मातीचे लेप चढवायचे, तापवून मेण बाहेर काढायचे आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. किती धातू लागेल ते आधी मेण तोलून ठरवायचे. पितळ मेणाच्या सुमारे साडेआठ-नऊ पट जड असते. साचा फोडल्याशिवाय मूर्ती बाहेर येत नाही, म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती. तमिळनाडूत स्वामीमलैला अजून याच रीतीने मूर्ती ओततात. आपल्याकडे ओतारी हे काम करत आले. आता बाजारातल्या पितळी मूर्ती मोठ्या प्रमाणावर अलीगढ-मुरादाबादकडून येतात, वाळूच्या साच्यात ओतलेल्या, एकासारख्या एक. माझी त्याला हरकत नाही. नाकडोळे घरी आल्यावर बदलतात. फक्त त्यांच्यावर चकाकीसाठी लाखेचा किंवा रंगाचा थर नसावा, हे पाहून घ्यावे. पितळ हवेने काळवंडते, आणि काळवंडलेच पाहिजे. म्हणजे चिंच हाताशी येते. चिंचेतली आंबटाई वरचा काळा थर सोडवते, जाताना धातूचाही एक अदृश्य पापुद्रा नेते, आणि मूर्ती थोडी आणखी घरची होते.

प्रत्येक गावात एखादा पिंपळ असतो, ज्याच्या बुंध्याशी नको झालेले देव आणून ठेवलेले असतात. हात तुटलेला कृष्ण, पाण्याने फुगलेली लाकडी चौकट, काच फुटलेला दत्ताचा फोटो, प्लास्टरचा साईबाबा ज्याचा शेंदरी रंग पावसाने मातीत उतरला आहे. भंगलेली मूर्ती घरात ठेवू नये म्हणून माणसे त्या आणतात, भक्तीनेच आणतात. पण त्यांच्यातून पुढे काही घडत नाही. त्या मातीत विरतही नाहीत आणि पुन्हा मूर्तीही होत नाहीत. काही शहरांत आता जिव्हाळ्याने हे सगळे गोळा करून त्याची नीट विल्हेवाट लावणारी मंडळी उभी राहिली आहेत. त्यांचे काम मोलाचे आहे. तरी त्यांच्यावर हे काम कमी पडेल, अशी खरेदी आपल्याला करता येते.

चांदी-पितळेच्या देवाला पिंपळाखाली जावे लागत नाही. टाक झिजून पत्र्याला भोक पडले की तो सोनाराकडे जातो आणि नवा होतो. इथे मात्र एक गोष्ट हल्ली हरवत चालली आहे, आणि ती सांगण्यासाठीच हे सारे लिहिले. घाईत आपण जुना टाक मोडीत देतो, वजनाचे पैसे बिलातून वजा होतात आणि तयार टाक डबीत घालून घरी येतो. कृपा करून तसे करू नका. सोनारासमोर थोडा वेळ बसा, जुनी चांदी आपल्या डोळ्यांदेखत मुशीत घालायला सांगा, कमी पडेल तेवढीच नवी त्यात मिसळू द्या आणि त्याच चांदीचा टाक करून घ्या. मजुरी थोडी जास्त पडेल आणि काम दोन दिवस लांबेल, एवढेच.