हात सापडतात, हुकूम सापडत नाही

तिरला, जि. धार
माघ शुद्ध पंचमी

चि. माईस,


तुझं पत्र पोचलं. तुमच्या वाचनगटात खुनाच्या पुस्तकांवरून जुंपली, हे वाचून मला बरंच वाटलं. पुस्तकावरून भांडणारी माणसं अजून आहेत म्हणायची. एका बाजूचं म्हणणं, खऱ्या खुनांवरची पुस्तकं म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाचा बाजार, ती वाचूच नयेत. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, रहस्यकथा हा पोरखेळ, खऱ्या खटल्यातच माणूस कळतो. आणि तू विचारतेस, "आत्या, तू कुठल्या बाजूची?"

मी दोन्ही वाचते आणि दोन्ही वाचावीत, याच मताची आहे. पण दोन्ही एकाच मनाने वाचता येत नाहीत. तेवढं नीट समजावून सांगायला हे लांबलचक पत्र.

आधी रहस्यकथा. आपल्या घरात बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं होती, तशी माळव्यातल्या कितीतरी मराठी घरांत होती. हजाराहून अधिक पुस्तकं लिहिलेला हा लेखक. झुंजार आणि काळा पहाड यांच्यासाठी माणसं जेवण टाकून बसायची. हिंदी मुलखात राहिल्यामुळे आम्हाला दुसरंही दालन उघडं होतं. सुरेंद्र मोहन पाठक आणि वेदप्रकाश शर्मा यांची पॉकेटबुकं बस स्टँडवर मिळायची, आणि त्यांच्या शेजारीच 'मनोहर कहानियाँ' टांगलेलं असायचं. या कथांत संशय हा खेळ असतो. पहिल्या प्रकरणात पुतण्यावर, तिसऱ्यात मुनिमावर, सातव्यात खुद्द विधवेवर आपण संशय घेतो आणि शेवटच्या पानावर सगळे सुटतात. आपण ज्याच्यावर उगाच संशय घेतला, त्याच्या नातवंडांना शाळेत कुणी चिडवत नाही. म्हणून ही पुस्तकं मनमोकळेपणाने वाचावीत. त्यांना पोरखेळ म्हणणाऱ्याने एकदा तरी वाचकाला शेवटच्या पानापर्यंत जागं ठेवणारी गोष्ट लिहून दाखवावी.

खऱ्या खुनाचं तसं नाही. तिथे घेतलेला संशय चिकटतो आणि पिढ्यान्‌पिढ्या निघत नाही. याचा दाखला माझ्या दारातच आहे. इथून पूर्वेला निघालं की थोड्याच वेळात धार लागतं. गावाजवळच्या टेकडीवर लाल दगडाचा किल्ला आहे. किल्ल्यातला खरबूजा महाल दाखवून लोक सांगतात, दुसरा बाजीराव इथे जन्मला. जन्म झाला तो जानेवारी १७७५ मध्ये. पेशव्यांच्या घरातलं मूल पुणं सोडून इतक्या दूर धारच्या पवारांच्या किल्ल्यात का जन्मावं? त्याचं उत्तर एका खुनात आहे.

३० ऑगस्ट १७७३. गणपतीचे दिवस. पुण्याच्या शनिवारवाड्यात थकलेल्या पगारासाठी गारदी, म्हणजे भाडोत्री शिपाई, आत घुसले. नारायणराव पेशवा अठरा वर्षांचा होता. त्याचे थोरले भाऊ, आधीचे पेशवे माधवराव जाऊन वर्षही झालं नव्हतं. जीव वाचवायला नारायणराव वाड्यातच कैदेत असलेल्या काका रघुनाथरावांकडे धावला आणि त्यांना मिठी मारली. तिथेच त्याला तोडलं. चापाजी टिळेकर नावाचा खिजमतगार धन्याला वाचवण्यासाठी त्याच्या अंगावर पडला, तोही मारला गेला. नंतर न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली. त्यांनी सुमेरसिंग, महंमद युसूफ, खरकसिंग, तुळाजी पवार यांच्यापासून माग काढत माणसामागून माणूस हुडकला आणि कटाची जबाबदारी खुद्द रघुनाथरावांपर्यंत नेऊन ठेवली. रघुनाथरावांविरुद्ध कारभाऱ्यांचं बारभाई मंडळ उभं राहिलं, रघुनाथराव परागंदा झाले, आणि त्यांच्या गरोदर पत्नी आनंदीबाईंना धारच्या किल्ल्यात आसरा घ्यावा लागला. तिथे जन्मलेलं मूल म्हणजे दुसरा बाजीराव.

आता तुमच्या गटात कुणालाही विचार, नारायणरावाला कुणी मारलं? दहापैकी नऊजण सांगतील, आनंदीबाईने. नवऱ्याच्या हुकुमातल्या 'धरावे'चं तिने 'मारावे' केलं. गंमत अशी, की ज्या कागदावर ती खाडाखोड झाली म्हणतात, तो कागद पुढे ठेवून हे कुणी सिद्ध केलेलं नाही, आणि इतिहासकारांनी या गोष्टीवर शंका घेतलेली आहे. तरीही ती गोष्ट टिकली, कारण गोष्ट म्हणून ती उत्तम आहे. एक बाई, एक लेखणी, एक अक्षर. खाडिलकरांनी १९०९ मध्ये 'भाऊबंदकी' लिहिलं, १९४४ मध्ये प्रभातचा 'रामशास्त्री' आला, आणि आनंदीबाई घरोघर कारस्थानी बाई म्हणून पोचली. नाटककाराला पात्र रंगवण्याचा हक्क आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती आपल्याबद्दल, प्रेक्षक आणि वाचक म्हणून. आपण रंगमंचावरचा पुरावा घरी आणला आणि त्यावर निकाल लावून टाकला. थकलेला पगार, भाडोत्री फौज, कैदेत ठेवलेला महत्त्वाकांक्षी काका, दरबारातले गट, एवढा सगळा गुंता बाजूला सारून दोष एका बाईच्या पदरात बांधणं किती सोपं, बघ.

हे फक्त पेशवाईतलं नाही गं. शेजारच्या झाबुआ भागातून बाईला डाकण ठरवून मारल्याच्या बातम्या आजही येतात. पुरावा काय, तर गावात बोललं जातं. ज्याला 'पाहिलं कुणी?' हे विचारण्याची सवय लागली आहे, तो माणूस अशा वेळी उपयोगी पडतो. खऱ्या खुनाचं चांगलं पुस्तक ही सवय लावतं, हा त्याचा पहिला गुण.

दुसरी हकिगत इंदूरची. इथल्या जुन्या माणसांना अजून ठाऊक आहे. १२ जानेवारी १९२५ ची संध्याकाळ, मुंबईची मलबार हिल. अब्दुल कादर बावला नावाचा श्रीमंत व्यापारी मोटारीतून चालला होता. बरोबर नर्तकी मुमताज बेगम. मागून दुसरी मोटार आली, माणसं उतरली, गोळ्या झाडल्या. बावला मेला. मुमताजच्या चेहऱ्यावर चाकूचे वार झाले. तिला उचलून न्यायचा बेत होता, पण त्याच क्षणी गोल्फ खेळून परतणारे गोरे लष्करी अधिकारी तिथे पोचले. लेफ्टनंट सेगर्टने हातातली गोल्फची काठीच चालवली, स्वतः गोळी खाल्ली, पण काही हल्लेखोर जागीच धरले गेले. रहस्यकथेत असा योगायोग लेखकाने आणला असता तर आपण पुस्तक फेकून दिलं असतं. खऱ्या खटल्याचा पाया मात्र यावरच उभा राहिला.

मुमताज इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांच्या जनान्यातून निघून आली होती. आरोपींत इंदूर संस्थानची माणसं होती, फणसे आणि दिघे अशी आपल्यातलीच आडनावं. खटला मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती क्रम्प यांच्यापुढे ज्यूरीसह चालला. इंदूरच्या फौजेतले बडे अधिकारी आनंदराव फणसे यांच्या बाजूने बॅरिस्टर जीना उभे होते. तिघांना फाशीची शिक्षा झाली, त्यांतल्या एकाची पुढे जन्मठेप झाली. आनंदराव फणशांना जन्मठेप झाली. खुद्द महाराजांवर खटला चाललाच नाही. सरकारने त्यांच्यापुढे चौकशी आयोग किंवा गादी सोडणं असे दोन पर्याय ठेवले आणि फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी मुलाच्या हाती गादी देऊन टाकली.

या दोन्ही हकिगती शेजारी ठेवून बघ. शनिवारवाड्यात काय आणि मलबार हिलवर काय, ज्यांच्या हातात शस्त्र होतं ते सापडले. ते कुणाच्या इच्छेने चालले, याचा शिक्षेपर्यंत जाणारा निकाल कधी लागला नाही. रघुनाथरावांना रामशास्त्र्यांनी दोषी धरलं, तरी ते पुढे इंग्रजांच्या आश्रयाला गेले. तुकोजीरावांची गादी गेली, पण कोर्टाने त्यांच्याबद्दल काही ठरवलं नाही. खऱ्या गुन्ह्यात हात सापडतात, हुकूम सापडत नाही. रहस्यकथा आपल्याला शेवटच्या प्रकरणात हुकूम सोडणाऱ्यापर्यंत नेते, म्हणून ती इतकी हवीशी वाटते. आणि खरं पुस्तक अर्ध्यावर थांबलं की आपण चिडतो आणि उरलेली जागा अफवेने भरतो. बावला प्रकरणातही तेच झालं. खुनाच्याच वर्षी, १९२५ मध्ये, कोहिनूर फिल्म कंपनीने त्यावर 'कुलीन कांता' नावाचा मूकपट काढला. लोकांना निकालाआधी गोष्ट हवी होती.

पण या प्रकरणातली जी गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते, ती बहुतेक वाचकांच्या लक्षात राहत नाही. महाराजांचं प्रेम, नाचणारी बाई, शेठजी, मोटारी, एवढंच राहतं. मुमताजचा नकार राहत नाही. ज्या काळात संस्थानिकाच्या शब्दाबाहेर जाण्याची भल्याभल्यांची छाती नव्हती, त्या काळात या मुलीने दिल्लीच्या स्टेशनवर इंदूरला जायला साफ नकार दिला. आपलं तान्हं मूल मारलं गेलं, असं तिने भर कोर्टात सांगितलं. चेहऱ्यावर वार घेऊन ती साक्षीला उभी राहिली. या खटल्यावरचं जे पुस्तक तिला मध्यभागी ठेवील, ते मी खरं पुस्तक मानीन.

तुमच्या पहिल्या बाजूच्या लोकांचा आक्षेप इथे येतो, आणि तो मी हलका मानत नाही. ही पुस्तकं मेलेल्याला पुन्हा मारतात, असं त्यांचं म्हणणं. बऱ्याच पुस्तकांबाबत ते खरंच आहे. तुझ्याच पुण्याचं उदाहरण घे. १९७६ आणि ७७ मध्ये जोशी, अभ्यंकर आणि आणखी काही, असे दहा खून झाले. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली. त्यांतल्या मुनव्वर शाहने तुरुंगात लिहिलेलं आत्मकथन पुस्तक होऊन घरोघर गेलं, पुढे 'माफीचा साक्षीदार' सिनेमा आला. आज पुण्यात कुणालाही विचार, फाशी गेलेल्या चौघांतल्या 'जक्कल'चं नाव लगेच तोंडावर येईल. पण ज्यांच्या घरात त्यांतले पाच खून झाले ते काशिनाथशास्त्री अभ्यंकर कोण होते? संस्कृत व्याकरणाचे गाढे पंडित. व्याकरणातल्या एकेका संज्ञेचा अर्थ, तिचा उगम, कोणत्या आचार्याने ती कशी वापरली, हे नोंदवणारा त्यांचा कोश १९६१ मध्ये बडोद्याहून प्रसिद्ध झाला. आजही संस्कृतचा अभ्यास करणारी मुलं तो उघडतात. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांचे ते चिरंजीव, म्हणजे विद्येची परंपरा घरात चालत आलेली. ऐंशी ओलांडलेल्या त्या शास्त्रीबुवांबरोबर त्यांची पत्नी गेली, दोन नातवंडं गेली आणि घरकाम करणारी बाईही गेली. तिचं नाव तर कुठल्याही हकिगतीत शेवटी येतं, येतं तेव्हा. मारणाऱ्यांचं बालपण, त्यांचं कॉलेज, त्यांची दोस्ती यांवर पानंच्या पानं, आणि कोशासाठी एक ओळ नाही. याला मी अन्याय म्हणते.

म्हणून पुस्तकं टाकून द्यावीत का? नाही. न वाचल्याने तो कोश लोकांच्या ध्यानात येत नाही आणि मुमताजही येत नाही. वाचणं सोडलं की मागे उरतं ते फक्त 'म्हणे असं झालं'. आपण वाचतो म्हणूनच वाईट पुस्तक ओळखू शकतो. पुस्तकं छापणाऱ्यांना वाचकाची मागणी कळते, आणि आपण चांगलं मागितलं तर चांगलं येईल, यावर माझा विश्वास आहे.

तुमच्या पुढच्या बैठकीसाठी माझी कसोटी लिहून देते. खऱ्या खुनाचं पुस्तक हाती आलं की तीन गोष्टी तपासायच्या. मेलेला माणूस मरण्याआधी जगत होता, हे पुस्तकात दिसतं का? लेखक कोर्टातलं, कागदावरचं आणि ऐकीव असं वेगवेगळं सांगतो का, की सगळं एकाच सुरात? आणि जिथे पुरावा संपतो, तिथे लेखक थांबतो का? तिन्हींना होकार असेल तर पुस्तक विकत घ्यायचं आणि दुसऱ्याला द्यायचं. एकालाही नकार असेल तर गटात तसं स्पष्ट बोलायचं, मग ते कितीही खपलेलं असो. रहस्यकथेला यातली एकही अट लावू नकोस. तिच्याकडून फक्त चोख रहस्य मागायचं.

घरी सगळ्यांना माझा नमस्कार सांग, लहानांना आशीर्वाद. उत्तर लवकर लिही. आणि एक कर, माई. बैठकीत 'खुनी कोण' यावर बोलायला सुरुवात होण्याआधी, ज्यांचा खून झाला त्यांच्याबद्दल कुणीतरी पाच मिनिटं उभं राहून बोलावं, असा नियमच करून टाक.

तुझी,
आत्या