लाइट गेली तेव्हा

बार्शीतल्या त्या पिठाच्या गिरणीपुढे सकाळीच डब्यांची रांग लागायची. माणसं डबा ठेवून कामाला निघून जायची आणि त्यांच्या वतीने डबेच नंबर धरून बसायचे. तेलाचा जुना पत्र्याचा डबा, स्टीलचा झाकणाचा, एखादी कापडी पिशवी. गिरणीवाल्या अण्णांची धाकटी मुलगी मागे पोत्यावर बसून गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर ती रांग काढायची. पोचे आलेल्या डब्याला आजोबांचा चेहरा, नव्याकोऱ्या डब्याला नव्या सुनेचा.

आज ती चाळिशी ओलांडून गेली आहे. पुण्यात दिवसभर हिशेब तपासते आणि रात्री दहानंतर टॅबलेट मांडीवर घेऊन त्याच डब्यांचं वेबकॉमिक काढते. नाव ठेवलंय ‘दळण’. गेले चार महिने भाजीच्या यादीमागेसुद्धा संवाद लिहिलेले सापडतात.

चौकट तिला पहिल्यांदा भेटली ती वर्तमानपत्रात. १९९१ साली ‘सकाळ’मध्ये ‘चिंटू’ सुरू झाला. चारुहास पंडितांच्या रेषेतला तो पोरगा ती रोज कापून वहीत चिकटवायची. एका चौकटीत चिंटू दाराशी, पुढच्या चौकटीत थेट पप्पूबरोबर मैदानावर. मधला रस्ता कुणी काढला नव्हता, तरी तिला तो दिसायचा.

पुढे शाळेतून एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा झाल्या. स्मरणचित्राच्या पेपरात तिने गिरणीच काढली: फिरणारा पट्टा, पिठाने पांढरे झालेले अण्णा, चाळण हलवणारी बाई. चित्र चांगलं वठलं, पण जे दाखवायचं होतं ते त्यात मावेना. गिरणीतला तिचा सगळ्यात आवडता क्षण म्हणजे लाइट जाण्याचा. पट्ट्याची फटफट मंदावत जायची, दगडाची घरघर खोल जायची आणि मग एकदम शांत. त्या शांततेत बायका बोलायला लागायच्या. कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाचा नवरा परत आला नाही, हे सगळं लाइट गेल्यावरच कळायचं. आता एका कागदावर एकच क्षण. लाइट होती, गेली, आली हे त्यात कसं बसवणार?

त्याचं उत्तर तिला बऱ्याच वर्षांनी मिळालं, स्कॉट मॅक्क्लाउड या अमेरिकन चित्रकाराकडून. १९९३ च्या ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’मध्ये, जे स्वतःच कॉमिकच्या रूपात आहे, तो सांगतो की दोन चौकटींमधल्या मोकळ्या जागेत वाचक स्वतः गोष्ट जोडून घेतो. म्हणजे चिंटूचा तो न काढलेला रस्ता! २००० सालच्या पुढच्या पुस्तकात त्याने पडद्याला अमर्याद कॅनव्हासची खिडकी म्हटलं. छापील पानाला कड असते, पडद्यावर चित्र हवं तितकं खाली नेता येतं. दक्षिण कोरियात २००४ मध्ये नेव्हर कंपनीने वेबटून सुरू केलं. फोनवर अंगठ्याने वर सरकवत वाचायची उभी कॉमिक्स तिथे रुजली आणि जगभर गेली.

या उभ्या पट्टीने ती हरखून गेली. इथे मोकळी जागा म्हणजे वेळ. दोन चित्रं जवळ ठेवली की घाई, लांब ठेवली की थांबणं. मग लाइट जाण्यासाठी काही काढायलाच नको! पट्टा थांबल्याच्या चौकटीखाली तिने नुसता काळोख सोडला. पट्टीची रुंदी ८०० पिक्सेल आणि काळोखाची लांबी जवळजवळ ३,०००. अगदी खाली, कडेला, मेणबत्तीएवढा पिवळा ठिपका आणि पहिल्या बाईचं पहिलं वाक्य.

हात मात्र अजून हवे तसे वळत नाहीत. विशेषतः माणसांची बोटं. पण जपानमध्ये ‘वन’ या टोपणनावाच्या लेखकाने २००९ मध्ये ‘वन-पंच मॅन’ स्वतःच्या ओबडधोबड रेषांत इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली. लोक त्यावर तुटून पडले, आणि २०१२ पासून युसुके मुराता या कसलेल्या चित्रकाराने तीच गोष्ट नव्याने रेखाटली. मूळ ओबडधोबड भाग ती आजही पुन्हा पुन्हा वाचते; गोष्ट कुठे थांबवायची आणि कुठे पळवायची हे त्या लेखकाला नेमकं कळलेलं आहे. साधनांचीही अडचण राहिलेली नाही. ‘क्रिटा’ हे चित्रांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यातला एक खरखरीत ब्रश तिने पिठासाठी राखून ठेवलाय. ज्वारीचं पीठ किंचित राखाडी, गव्हाचं पिवळसर, आणि भाजणीच्या रंगासाठी तिच्या दोन रात्री गेल्या.

पहिला भाग पुरा झाला तशी ती तो घेऊन बार्शीला गेली. गिरणी आता भाऊ चालवतो. अण्णांनी चष्मा पुसला, फोन हातात घेतला. डब्यांची रांग पाहून एकेक डबा कुणाचा ते सांगत खाली गेले. काळोख आला. अंगठा सरकत होता, सरकत होता, आणि मध्येच थांबला. त्यांनी मान वर करून छताकडे पाहिलं.

“थांब जरा,” ते म्हणाले. “येईल आता.”