पाठ टेकायला जागा

बुलढाणा जिल्ह्यातून कुठंही लांब जायचं म्हटलं की रात्रीच निघावं लागतं. मुंबई असो की पुणे, दिवस कामाचा आणि रात्र रस्त्याची, हा आमच्याकडचा जुना हिशोब. घाटाखालच्या लोकांना मलकापूर, नांदुरा, शेगावची स्टेशनं. घाटावरच्या चिखली-मेहकरकरांना ट्रॅव्हल्स. म्हणून सकाळी बॅग घेऊन दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्याला आमच्या घरांत चहाच्याही आधी विचारतात, "झोप झाली का गाडीत?" आणि पाहुणा म्हणतो, "झाली थोडी. पाठ टेकायला जागा मिळाली." प्रवासाकडून याहून जास्त सुख आम्ही कधी मागितलं नाही.

माझ्या आईला तेवढंही मिळालं नाही. तिच्या आठवणीतला तिसऱ्या वर्गाचा डबा भुसावळपर्यंत इतका भरून जायचा की बायका बाकाखाली जुन्या लुगड्याचं धडपं अंथरून पोरांना आत सरकवत आणि स्वतः गुडघे छातीशी घेऊन रात्र काढत. १९७४ साली तिसरा वर्ग बंद झाला. माझ्या वाट्याला थ्री-टायरची फळी आली, आणि माझ्या मुलीच्या पिढीला स्लीपर कोच: पडदा, उशी, मोबाइल लावायला प्लग. मग ११ डिसेंबर २०२२ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला. तो आमच्या जिल्ह्यातून, मेहकर आणि सिंदखेडराजाकडून जातो. पुढच्याच वर्षी १ जुलैच्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ पुण्याला निघालेली एक खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. तेव्हापासून माझी धाकटी जाऊ स्लीपरचं तिकीट काढते, आडवी होते, आणि डोळे उघडे ठेवून पुण्याला पोचते.

हे सगळं मनात होतं, म्हणून जावयांचा फोन आला तेव्हा मी चटकन काही बोलले नाही. मुलगी मँचेस्टरला असते. पहिलं बाळंतपण, मी जाणार हे ठरलेलंच होतं. जावई म्हणाले, "आई, तुमचे गुडघे दुखतात, तुम्ही बिझनेस क्लासनं या. पैसे पडणार नाहीत, पॉइंट्स आहेत." आमचे हे शेजारी बसून ऐकत होते. त्यांना तूर काढायची होती, आणि पॉइंट एकाच माणसापुरते होते. "जा झोपून," ते म्हणाले, "मी आहे इथं उभा." समोरच्या काकूंपर्यंत बातमी संध्याकाळच्या आत गेली. "काहो मॅडम, इमानात खाट देतेत म्हने?"

पॉइंटांची भानगड जावयांनी नीट समजावून सांगितली. मी शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे समजायला वेळ लागला नाही, पटायला लागला. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सनं नेहमीच्या प्रवाशांच्या मैलांची खातेवही उघडली आणि हळूहळू जगभरच्या कंपन्या त्या वाटेनं गेल्या. आता तर मैल उडायचीही गरज नाही. बँका विमान कंपन्यांकडून पॉइंट घाऊक विकत घेतात आणि कार्डावर खरेदी करणाऱ्याला किरकोळीत वाटतात. म्हणजे जावयांच्या घरातला फ्रीज, दर आठवड्याचा किराणा, बाळाचा पाळणा, सगळ्यातून थोडं थोडं माझ्या खात्यात पडत होतं. पण मोठा वाटा त्यांच्या कामाच्या फिरतीचा. कंपनी त्यांना मागच्या वर्गात बसवून पाठवते. ते रात्रभर अवघडून बसतात, सकाळी दाढी करून मीटिंगला जातात, आणि त्या बसलेल्या रात्रींचे पॉइंट जमतात. फुकट म्हणावं तर कर आणि अधिभार रोख भरावाच लागतो. पॉइंटांवर मिळणाऱ्या जागाही मोजक्या, आणि त्या बरेच महिने आधी धराव्या लागतात. नातवंडाची चाहूल लागली त्याच आठवड्यात जावयांनी तिकीट धरलं. बाळाच्या नावाआधी माझी सीट ठरली.

आमच्याकडे पुण्याई वरून खाली येते. आजोबांच्या पुण्याईवर नातू तरला, आईच्या पुण्याईनं पोरगं वाचलं, असं म्हणतात. पोरानं साठवावी आणि सासूनं खर्चावी, अशी पुण्याई मी कीर्तनातसुद्धा ऐकली नव्हती. कीर्तनात हमखास येणारी एक गोष्ट मात्र इथंही लागू होती: पुण्य आहे तोवर स्वर्ग, संपलं की उतरा खाली. जावयांचं खातं लंडनच्या धावपट्टीवर रिकामं होणार होतं. परतीचं तिकीट साधं होतं.

निघाले तेव्हा माघ होता. गजानन महाराजांचा प्रकटदिन जवळ आला होता आणि शेगावच्या रस्त्यानं दिंड्या चालल्या होत्या. माझी एसटी त्यांना ओलांडून पुढं जात होती. शाळेत असताना पालख्यांचा मुक्काम आमच्या व्हरांड्यात पडायचा. फरशीवर सतरंजी, सतरंजीवर माणूस, माणसाच्या उशाला त्याचीच पिशवी. आणि दिवसभर चाललेली ती माणसं पाठ टेकताच घोरू लागत. तशी गाढ झोप मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

मुंबईच्या विमानतळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. रांग वेगळी होती आणि छोटी होती. लांब रांगेत एक पोरगी कडेवर तान्हं घेऊन उभी होती, तिच्याकडे मी पाहिलं आणि तिनं माझ्याकडे. इंग्लंडला बाहेरून दुधातुपाचं काही नेता येत नाही, म्हणून लाडू बांधून न नेता डिंक, खारीक, सुंठ वेगवेगळी पुड्यांत नेली होती. तूप तिथलंच घालायचं.

सीट म्हणाल तर एक छोटीशी खोलीच. पाठीमागे गोल भिंत, पुढं पडदा, पाय घालायला बोगदा. कोनाड्यात बसवलेल्या देवासारखी मी त्यात बसले. हाताशी बटणांची पट्टी, आणि प्रत्येक बटणावर एका माणसाचं चित्र: एक ताठ बसलेला, एक रेललेला, एक उताणा. विमान वर जाऊन स्थिरावल्यावर हवाई सुंदरी आली आणि चक्क गुडघ्यावर बसून, माझं आडनाव घेऊन विचारू लागली, काय हवं, काय नको. मला संकोच वाटला. शेगावला संस्थानात पांढऱ्या कपड्यांतले सेवेकरी रांगेतल्या माणसाला 'माउली' म्हणून पुढं सरकवतात, तिथं कधी संकोच होत नाही. तिथं सगळ्यांनाच माउली म्हणतात. इथं पडद्याच्या अलीकडच्यांनाच.

जेवण छान मांडलं होतं: पांढरा कपडा, चिनी मातीची बशी, बोटाएवढी मिठाची बाटली. चव मात्र लागेना. त्यात स्वयंपाक्याचा दोष नाही. विमानातली हवा सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावी तितकी विरळ ठेवलेली असते, शिवाय वाळवंटासारखी कोरडी. नाक सुकतं आणि मीठ-साखर जिभेला कमी लागते. मी पर्समधून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढली. ती चटणी आकाशातही तिखट होती.

मग हवाई सुंदरीनं माझी खाट केली. उताण्या माणसाचं बटण दाबलं; पाठ मागे गेली, बूड पुढं सरकलं, मधली फट मिटली आणि सपाट फळी तयार. विमानात असे सपाट पलंग पहिल्या वर्गात गेल्या शतकाच्या अखेरीस आले, आणि २००० साली ब्रिटिश एअरवेजनं ते बिझनेस क्लासात आणले. त्याआधी कितीतरी वर्षं बहुतेक श्रीमंतसुद्धा आकाशात बसूनच झोपत. फळीवर तिनं पातळ गादी अंथरली, चारही कोपऱ्यांना लवचीक पट्ट्या अडकवल्या, वर रजई टाकली. मी रजईचा कोपरा चिमटीत धरून चोळून पाहिला. खामगावात वाढलेल्या बाईला ही सवय असतेच. आत कापूस नव्हता. सगळा कृत्रिम धागा. हलका, एकसारखा, सरकीचा एक कण नाही की कुठं गोळा नाही. आमच्या लहानपणी दिवाळीआधी पिंजारी यायचा, अंगणात कमान टांगायचा, तिच्या तारेचा टणत्कार गल्लीभर घुमायचा आणि बसलेला कापूस फुगून पायरीपर्यंत यायचा. घरी आईनं भरून घेतलेली गादी जड असायची. उचलायला दोघं लागत.

खामगावातून इंग्लंडला जो आधी गेला, तो माणूस नव्हे, कापूस. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी राहिल्या आणि साहेबाची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर गेली. १८७० साली जलंबहून खामगावला फाटा टाकला, तो मुख्यतः कापसासाठी. आदल्याच वर्षी सुएझचा कालवा खुला झाला होता. आमच्या बाया ओटी बांधून, पहिल्या वेचणीला सीतादही करून जो कापूस वेचत, तो सरकी काढून, दाबून, गाठी बांधून, लोखंडी पट्ट्या आवळून मुंबईला आणि तिथून बोटीनं लिव्हरपूलला जाई. या वाटेवर दाटीवाटीनं गेलेल्यांची यादी करायची तर पहिला मान त्याचा.

आडवी झाले. दिवे मंद झाले. आजूबाजूच्या कोनाड्यांतून श्वास जड होऊ लागले, आणि मी जागी. समोरच्या पडद्यावर नकाशात छोटं विमान अरबी समुद्रावरून सरकत होतं. माघातली रात्र तशीही मोठी. त्यात विमान पश्चिमेला, ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास, सूर्यापासून पळत चाललेलं. मुंबईत सूर्य मावळला तेव्हापासून लंडनला उगवेपर्यंत अठरा तासांहून लांब अंधार. एवढी मोठी रात्र आयुष्यात एकदाच मिळाली, आणि ती झोपायला मिळाली, तर झोप कुठं होती? पाठीला काही टोचत नव्हतं, पायाशी कुणाची ट्रंक नव्हती, कसारा आला का म्हणून खिडकीतून बघायचं नव्हतं. सवय नसलेल्या शरीराला हे सगळं नसणंच जागवत होतं.

मी हिशोब करत राहिले. गणिताच्या बाईला दुसरं काय सुचणार? माझी एक आडवी रात्र जावयांच्या कितीतरी बसल्या रात्रींची बनली होती. प्रत्येक रात्री त्यांच्या शेजारी कुणी अनोळखी माणूस मान टाकून झोपला असेल, आणि बाहेर जायचं म्हणून जावयांनी त्याला उठवलं असेल किंवा नसेल. मी एकदाही विचारलं नव्हतं. आईनं बाकाखाली आम्हाला सरकवलं तेव्हा तिच्या गुडघ्यांचं आम्ही तरी कुठं विचारलं? कुणीतरी बसून काढल्याशिवाय दुसऱ्याला आडवं होता येत नाही, हे मला त्या गादीवर इतकं स्पष्ट दिसत होतं की शेवटी मी बटण दाबून फळी उभी केली. ताठ बसलेल्या माणसाचं चित्र. आणि सांगायला हरकत नाही, त्यानंतर तासभर छान डुलकी लागली. हवाई सुंदरीनं पाहिलं असणार. काही न बोलता रजई माझ्या गुडघ्यांवर घालून गेली.

लंडनला उतरले तेव्हा अंधारच होता. यूस्टनहून मँचेस्टरची गाडी धरली, तीही बसायचीच. स्टेशनवर लेक पोटाला हात लावून उभी होती, आणि तिनं विचारलं ते विचारलंच: "झोप झाली का गं?" मी म्हटलं, "खाट होती बाई." तिला तेवढ्यानं समाधान झालं.

बाळ झालं, सव्वा महिना उलटला, आणि एका कोरड्या दुपारी लेक मला रॉयल एक्सचेंज दाखवायला घेऊन गेली. बाबागाडी मी ढकलत होते. हा मँचेस्टरचा जुना कापूसबाजार. प्रचंड दालन, वर काचेचे घुमट; आता मधोमध नाट्यगृह बसवलंय. १९६८ साली व्यवहार बंद झाले, पण भिंतीवर उंच तो भावफलक अजून आहे आणि शेवटच्या दिवसाचे भाव त्यावर जसेच्या तसे आहेत. मी फोटो काढून ह्यांना पाठवला. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता आणि व्यापारी त्याच्या खाली मागत होते. आमचा कापूस पुढच्या खोलीत छतापर्यंत रचून ठेवला होता. थोड्या वेळानं ह्यांचं उत्तर आलं. त्यांनी खामगावचा त्या दिवशीचा भाव लिहिला होता आणि खाली, "अजून दिला नाही. तूर झाली. तू परत कधी, आणि बसून येणार ना?"